हुमणातली हळद आणि डब्यातली हळद

शिगम्याच्या सुमारास माझ्या धाकट्या दिरांची जेवणावरची वासना उडाली. तळलेल्या इसवणाचा तुकडा ताटात तसाच राहू लागला तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली, कारण या माणसाने ताटात मासळी टाकलेली आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. मग लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. एका सकाळी पोदेराकडून पांव घेताना शेजारीण म्हणाली, "भावजींचे डोळे पिवळे दिसतात गो." रक्त तपासलं. एसजीपीटी ही यकृताची चाचणी चाळिसाच्या आसपास असावी, ती सातशेच्या वर गेलेली. काविळीच्या विषाणूंच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह, सोनोग्राफी स्वच्छ. दारूला हा माणूस शिवत नाही, गोव्यातल्या डिचोलीत राहून हुराकही चाखत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं, काढे, हर्बल काही? भावजी 'नाही' म्हणाले.

ते खोटं बोलले नव्हते. गुडघ्यांसाठी त्यांच्या मुलाने दुबईहून पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूल ते तीन महिने रोज दोन घेत होते. पण ते त्यांच्या हिशेबात औषधच नव्हतं. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "ती हळद, वयनी. वखद न्हय."

आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याच बाजूची. डबा घरी आला त्या दिवशी तो माझ्या हातात होता. एकोणतीस वर्षं म्हापशात फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहिलेली बाई मी, डबा उलटा न करताच म्हणाले होते, "घ्या, हळदच तर आहे." कॅप्सूल बंद केल्यावर सुमारे दोन महिन्यांनी त्यांचं यकृत ताळ्यावर आलं. तेव्हापासून वाड्यावर कुणाकडेही असा डबा आला की तो आधी माझ्याकडे येतो. तो मी कसा तपासते, आणि स्वयंपाकघरात काय करते, ते इथे सांगते.

आधी हिशेब

कागद आणि पेन घ्या. भावजींच्या डब्यावर लिहिलं होतं: एका कॅप्सूलमध्ये हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंडं, हळदीतली पिवळी द्रव्यं. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ४७५, दोनांत ९५०. आता घरची हळद. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं, प्रतीनुसार थोडं कमी-जास्त. चहाचा एक चमचा पूड सुमारे तीन ग्रॅम, तिच्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास. तेव्हा भावजी रोज दहाहून जास्त चमचे हळद खात होते, एकटे, आणि तेही दोन घोटांत. आमच्या घरी चार माणसांच्या हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, एक चमचा हळद पडत नाही. आणखी एक आकडा जवळ ठेवा. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिन रोज किती चालेल याची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ठरवलेली मर्यादा वजनाच्या किलोमागे तीन मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला १८०.

हा हिशेब कुठल्याही डब्याला लावता येतो. ग्रीन टीचंच घ्या. पिशवी बुडवून दिवसभरात दोन-चार कप प्यायलात तर त्यातला मुख्य घटक, ईजीसीजी, साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम पोटात जातो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून रोज ८०० किंवा त्याहून जास्त गेला तर यकृताची एन्झाइम्स चढू शकतात. वजन उतरवण्याच्या काही कॅप्सूलमध्ये एवढा डोस भरलेला असतो, वर 'उपाशीपोटी घ्या' अशी सूचना. उपाशीपोटी तो जास्त शोषला जातो, म्हणजे सल्लाही उलटा.

यकृतच का, असं कुणीही विचारेल. कर्क्युमिन, ईजीसीजी असली द्रव्यं वनस्पती आपल्यासाठी बनवत नाहीत. उन्हापासून, किडींपासून, बुरशीपासून स्वतःला वाचवायला बनवतात. तुरटपणा, कडवटपणा, गडद रंग हे बहुतेकदा त्यांचंच काम. काजूचं बोंड चावल्यावर घसा जो धरतो, तेच. आपल्या शरीराला ती परकी. थोडी आली तर आतडं आणि यकृत त्यांना दुसऱ्या रेणूचं शेपूट जोडून बाहेर काढतात, म्हणून जेवणातल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं पोचतच नाही. गोळ्या बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि त्यावरचा त्यांचा तोडगा डब्याच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

डबा उलटा करा

पुढच्या बाजूला फळाचं चित्र आणि 'नॅचरल' हा शब्द असतो, त्याकडे पाहूच नका. मागच्या बाजूला पहिल्यांदा 'पिपरीन' शोधा, कधी 'काळी मिरी अर्क' असंही लिहितात. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिलं तर माणसाच्या शरीरात त्याचं शोषण वीसपट वाढतं. तेव्हापासून हे जोडपं जगभर विकलं जातं. भावजींच्या कॅप्सूलमध्ये पाच मिलिग्रॅम होतं. एवढं पिपरीन दोन-तीन मिऱ्यांतच असतं, आमच्या सारात याहून जास्त मिरी पडते, तेव्हा मिरीला घाबरायचं कारण नाही. दहा चमचे हळदीच्या पाठीशी ती उभी केली की गोष्ट वेगळी. शिवाय यकृत ज्या वाटेने परक्या द्रव्यांची विल्हेवाट लावतं ती वाटच पिपरीन अडवतं, आणि त्याच वाटेने इतर औषधंही जातात. फिट्सवरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्याने वाढते. घरात कुणी फिट्सची गोळी घेत असेल तर असल्या कॅप्सूलला दारातूनच परत पाठवा.

दुसरं, बारीक अक्षरात छापलेली ओळ वाचा. आपल्या देशात या वस्तू अन्नाच्या कायद्याखाली येतात. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक असतो, आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना असावी लागते. हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही. पण परवाना म्हणजे ती वस्तू गुडघ्यावर चालते याचा पुरावा नव्हे. औषधाला बाजारात येण्याआधी जे सिद्ध करावं लागतं ते या डब्याला करावं लागत नाही. परदेशातून बॅगेत आलेल्या डब्यावर तर आपला क्रमांकही नसतो.

तिसरं, घरात विडी-सिगरेट ओढणारा कुणी असेल, किंवा पूर्वी ओढत असेल, तर 'बीटा कॅरोटीन' शोधा. हे विशेषतः डोळ्यांच्या गोळ्यांत सापडतं. यामागची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण काउंटरवर उभ्या असलेल्या आम्हा लोकांना तिने सगळ्यात जास्त हादरवलं होतं. गाजरं, पिकलेले आंबे, हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यांतलं बीटा कॅरोटीन वेगळं काढून गोळीतून द्यावं असं ठरलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणारे पुरुष घेतले, काहींना रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी मोठी चाचणी चालू होती, त्यात व्हिटॅमिन एही सोबत होतं. तिथेही तेच दिसू लागलं आणि जानेवारी १९९६ मध्ये ती मुदतीआधी एकवीस महिने थांबवावी लागली. आंबा खाणाऱ्याला जे मिळतं ते एकट्या रेणूचं नसतं, आणि आंबा खाणारा माणूस कदाचित सिगरेटही कमी ओढत असतो. डोळ्यांच्या मोठ्या चाचणीनंतर, २०१३ पासून, धूम्रपान करणाऱ्यांसाठी बीटा कॅरोटीनच्या जागी ल्यूटीन आणि झिआझँथिन असलेली गोळी द्यावी असं मानतात. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना सिगरेटबद्दल सांगा, आणि फार्मसीत गोळी बदलून देत असतील तर लेबल पुन्हा वाचा.

'अमुक फळापेक्षा चाळीसपट अँटिऑक्सिडंट शक्ती' असल्या जाहिरातीचं काय करायचं? काही नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे फ्री रॅडिकल्स नावाच्या, पेशींना इजा करू शकणाऱ्या रेणूंना शमवणारं द्रव्य, आणि तो आकडा परीक्षानळीतला असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा तक्ता ठेवला होता. त्याचा जाहिरातींत गैरवापर होतोय आणि शरीरातल्या परिणामाशी त्याचा संबंध लागत नाही म्हणून २०१२ मध्ये तो काढून टाकला. जाहिरातींत मात्र तो अजून जिवंत आहे.

जिमला जाणाऱ्या मुलांसाठी एक. व्यायामानंतर स्नायूंत जे फ्री रॅडिकल्स तयार होतात ते सगळेच शत्रू नव्हेत. स्नायूंना 'सुधार' म्हणून सांगणारा तो निरोप असतो. जर्मनीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई, ही दोन अँटिऑक्सिडंट दिली, आणि व्यायामाने इन्सुलिनवर होणारा चांगला परिणाम पुसला गेला. गोळी न घेणाऱ्यांना तो मिळाला. माझा भाचा हे ऐकून गोळ्या सोडेल असं वाटलं होतं. त्याने व्यायाम सोडला.

हळदीबद्दल अन्याय नको. गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काने थोडा आराम मिळतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, आणि कॅप्सूल घेणाऱ्या बहुतेकांच्या यकृताला काही होत नाही. मग भावजींनाच का? अमेरिकेत २०२२ मध्ये हळदीमुळे यकृताला इजा झालेल्या दहा जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सात जणांत एकच जनुकीय खूण सापडली, एचएलए-बी*३५:०१. ही खूण घेऊन जन्मलेला माणूस बाहेरून ओळखू येत नाही, आणि कॅप्सूल घेण्याआधी ती कुणी तपासत नाही. भावजींचीही तपासली नाही. इटलीत २०१९ साली असेच रुग्ण एकापाठोपाठ सापडले तेव्हा तिथल्या सरकारने डब्यांवर इशारा छापायला लावला.

स्वयंपाकघरात

इथे मी फार मोकळी आहे. चुलीवर जे शिजतं त्यात मोजमाप करत बसायचं नाही, थोडं नीट शिजवायचं इतकंच.

सोलकढी करताना सोलं उकळत्या पाण्यात टाकू नका, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. तो लाल रंग अँथोसायनिनचा, त्याला उष्णता आणि ऊन दोन्ही सोसत नाही, म्हणून आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट अर्काची, बाटली खिडकीत ठेवू नये. बाजारातलं कोकम सरबत रंगवलेलं आहे का हे पाहायचं असेल तर वाटीत थोडं घेऊन चिमूटभर खायचा सोडा घाला. खरं कोकम लालाचं जांभळट-करडं होतं, रासायनिक रंग आहे तसा लाल राहतो. मुलांना हे फार आवडतं, आमच्या घरी उन्हाळ्यात दोन बाटल्या याच खेळात संपल्या. आता खरी गोम: आगळात मीठ भरपूर असतं, सरबतात साखर. ब्लडप्रेशरवाल्यांनी आगळाच्या मिठापासून सावध राहावं, सोलकढीला वेगळं मीठ घालूच नये. कोकमात हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लही असतं, आणि त्याचाच अर्क, बहुधा कोकमाच्या मलबारी भावंडाचा, वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये भरतात. त्या घेऊन यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. सोलकढी वाटीभर प्या, कॅप्सूल नको.

तांबडी भाजी (लाल माठ) भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून देऊ नका. कांदा, मिरची घालून तिच्याच अंगच्या पाण्यात वाफवा आणि वर खोबरं घाला, जशी आपण करतोच. ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी मात्र नेमकं उलट करावं. उकळून पाणी टाकावं, कारण त्यात मुतखडा बनवणारं ऑक्झलेट जातं. रंग जाईल, जाऊ दे. आणि रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी सोडायची नसते. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच दर आठवड्याला खायची, म्हणजे डॉक्टरांनी लावलेला डोस हलत नाही. चार दिवस काही नाही आणि सोमवारी परातभर, हे धोक्याचं.

चहा जेवणाबरोबर नको. चहातली टॅनिन्स भात-भाजीतलं लोह धरून ठेवतात. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत तर कधीच नको. काउंटरवर मी हे किती बायकांना सांगितलं असेल! हिमोग्लोबिन चढत नाही म्हणून डोस वाढवून मागायच्या आणि गोळी घ्यायच्या ती चहाच्या कपाबरोबर. भाजीवर लिंबू पिळलं तर उलट लोह जास्त शोषलं जातं.

कांद्याची बाहेरची पाकळी उदारपणे फेकू नका, क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट तिच्यातच जास्त. काजूचा नीरो (बोंडाचा रस) मिळाला तर ताजा प्या, बोंडात व्हिटॅमिन सी संत्र्याच्या कितीतरी पट असतं. फेणीचं विचारू नका. भट्टीतून वर येतं त्यात यातलं काही येत नाही, आणि हे सांगून मी वाड्यावरच्या दोन-तीन पुरुषांचा रोष ओढवून घेतलेला आहे.

ज्यांनी फळांनाही जपावं

बिंबलांचं (बिलिंबीचं) झाड आमच्या भागात परसात असतंच. हुमणात चार-पाच घाला, लोणचं करा, काही होत नाही. पण कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून त्याचा रस काढून पिणारे आहेत. केरळात असा रस प्यायलेल्या दहा जणांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेट साचून ती अचानक बंद पडल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सात जणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं, पुढे ते बरे झाले. 

करमलं (स्टारफ्रूट) तर ज्यांची मूत्रपिंडं आधीच अशक्त आहेत त्यांना एक-दोनही नकोत. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष असतं, निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आजारी टाकू शकत नाही आणि ते मेंदूला लागतं. पहिलं लक्षण साधं: न थांबणाऱ्या उचक्या. नंतर गोंधळ, फिट्स. डायलिसिसवरच्या माणसाला करमल खाऊन उचक्या लागल्या तर पाणी पाजत बसू नका, गाडी काढा आणि थेट इस्पितळ गाठा.

आणि तोरंजन, म्हणजे पपनस. चवथीला गणपतीच्या वरच्या फळांच्या माटोळीला बांधतो, विसर्जन झालं की सोलून घरभर वाटतो. ग्रेपफ्रूट याच तोरंजनाच्या आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं. दोन्हींतली फ्युरानोक्युमारिन्स नावाची द्रव्यं आतड्यातल्या एका एन्झाइमला निकामी करतात आणि काही गोळ्या रक्तात नको तेवढ्या चढतात. १९८९ मध्ये कॅनडात ब्लडप्रेशरच्या गोळीची दारूसोबत चाचणी करताना हे योगायोगाने सापडलं, दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन किंवा ॲटोर्व्हास्टॅटिन, ब्लडप्रेशरची फेलोडिपीन, किंवा मूत्रपिंड बदललेल्यांची सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घेणारा कुणी असेल तर त्याला तोरंजनाच्या फोडी देऊ नका. तीन तासांचं अंतर ठेवून भागत नाही, परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. माटोळीला बांधायला हरकत नाही.

घेतच असाल तर

डबा डॉक्टरांना दाखवा. नेता येत नसेल तर पुढून-मागून मोबाईलवर फोटो काढा. 'हर्बल घेता का' या प्रश्नाची वाट पाहू नका, कारण भावजींसारखं उत्तर कुणीही देईल. शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, हळद, लसूण, गिंको यांचे अर्क रक्त पातळ करू शकतात. केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असेल तर कुठलीच अँटिऑक्सिडंट गोळी विचारल्याशिवाय नको. काही उपचार फ्री रॅडिकल्स निर्माण करूनच गाठीला मारतात. त्यांच्या आड आपण ढाल धरायची?

व्हिटॅमिन सी एक ग्रॅम रोज 'सर्दी होऊ नये म्हणून' घेणाऱ्या पुरुषांना मुतखड्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला, स्वीडनमध्ये, २०१३ साली. एक आवळा खा, काम होतं.

भूक गेली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळसर दिसले तर त्याच दिवशी कॅप्सूल बंद, आणि यकृताची तपासणी करून घ्या. दुसऱ्या डब्यातून पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्यांदा होणारी इजा जास्त लवकर आणि जास्त जोरात येऊ शकते. त्रास झाल्याची नोंदही करा. भारताच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, तिथे रुग्णालाही सांगता येतं. मी भावजींचं कळवलं. डब्यावरचा बॅच क्रमांक विचारतात, म्हणून डबा फेकू नका. आमचा अजून माझ्या कपाटात आहे, अर्ध्याहून जास्त रिकामा.

पुतण्या परवा दुबईहून फोनवर विचारत होता, काकी, यंदा चवथीला येताना काय आणू? खजूर आण म्हटलं. तर म्हणतो, "त्यातही अँटिऑक्सिडंट असतात, आणू ना?"